‘सस्टेनेबल’ फंडात पैसे टाकले, म्हणजे नेमकं काय झालं?

समजा तुम्ही ठरवलंत की आपले पैसे तंबाखू, शस्त्रं, कोळसा असल्या धंद्यांत नकोत, जरा बऱ्या कंपन्यांत असू देत, आणि तसं तुमच्या सल्लागाराला सांगितलंत. तो एक फंड काढून देतो, नावात ‘सस्टेनेबल’ (शाश्वत) नाहीतर ‘ईएसजी’ (याचा अर्थ पुढे सांगतो) असतं, माहितीपत्रकावर एखादी पवनचक्की असते, तुम्ही सही करता आणि हप्ता सुरू होतो. आता या सहीमुळे बाहेर काय बदललं? बहुतेक वेळा खरं उत्तर असं आहे की लगेच तरी काहीच नाही. हे ऐकून लोक वैतागतात, फंड विकणारे तर जास्तच, पण इथूनच सुरुवात केली तर पुढचं सगळं सोपं जातं.

कारण असं की बाजारात तुम्ही (किंवा तुमच्या वतीने फंड) एखाद्या कंपनीचा शेअर घेतो तेव्हा ते पैसे कंपनीकडे जात नाहीत, ज्याने शेअर विकला त्याच्याकडे जातात. सेकंडहँड गाडी घेतली म्हणून कारखान्याला काही मिळत नाही ना, तसंच आहे हे. कंपनीला पैसे मिळाले ते पहिल्यांदा शेअर विक्रीला काढले तेव्हा, आणि पुन्हा मिळतील ते नवे शेअर काढले, बॉन्ड (कर्जरोखे) काढले किंवा बँकेकडून कर्ज घेतलं तर. म्हणून सौरऊर्जेच्या कंपनीचे शेअर घेतले म्हणजे आपण पॅनल बसवायला पैसे दिले, असं थेट म्हणता येत नाही, आणि तेल कंपनीचे शेअर विकले म्हणजे तिचे पैसे बंद झाले असंही नाही. तुम्ही विकले ते दुसऱ्या कोणीतरी घेतले, बस.

मग हे सगळं फुकट आहे का? अजिबात नाही. फक्त कुठे जोर लावला तर काही हलतं आणि कुठे नुसतं आपल्या मनाचं समाधान होतं, हे वेगळं काढता आलं पाहिजे. मनाचं समाधान ही वाईट गोष्ट नाही हां, ज्या धंद्याचा आपल्याला तिटकारा आहे त्याच्या नफ्यात वाटेकरी व्हायचं नाही हे कारण स्वतःपुरतं पुरेसं आहे. या विषयाची सुरुवातच तिथून झाली. १७५८ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या क्वेकर या ख्रिश्चन पंथाच्या मंडळींनी आपल्या लोकांना गुलामांच्या खरेदी-विक्रीत पडायला मनाई केली, ती काही बाजाराचा अभ्यास करून नव्हे, ते पाप आहे म्हणून. पुढे व्हिएतनाम युद्धात नापाम या आग लावणाऱ्या बॉम्बचे फोटो जगाने पाहिले, नापाम बनवणाऱ्या डाऊ केमिकलविरुद्ध अमेरिकेतल्या कॉलेजांत निदर्शनं झाली, आणि १९७१ मध्ये दोन मेथडिस्ट धर्मगुरूंच्या पुढाकाराने ‘पॅक्स वर्ल्ड’ नावाचा फंड निघाला ज्यात शस्त्रांच्या कंपन्या नव्हत्या. ब्रिटनमध्ये फ्रेंड्स प्रॉव्हिडंट या विमा कंपनीने, जिची मुळंही क्वेकर लोकांतलीच, १९८४ मध्ये ‘स्टुअर्डशिप’ फंड काढला. तोवर बहुतेकांच्या लेखी हे देवभोळ्या लोकांचं प्रकरण होतं.

मग आली दक्षिण आफ्रिका. वर्णद्वेषी राजवट चालू असताना तिथे धंदा करणाऱ्या कंपन्यांचे शेअर विकून टाका, अशी मागणी अमेरिकेतल्या विद्यापीठांत, शहरांच्या पेन्शन फंडांत, चर्चमध्ये सुरू झाली. हॅम्पशायर कॉलेजने १९७७ मध्येच विकले. त्याच साली जनरल मोटर्सच्या बोर्डावर असलेले रेव्हरंड लिऑन सलिव्हन यांनी तिथल्या अमेरिकन कंपन्यांसाठी नियमावली मांडली: कामाच्या ठिकाणी काळे-गोरे वेगळे बसवायचे नाहीत, समान कामाला समान पगार वगैरे. हे उदाहरण आजही प्रत्येक भाषणात येतं, ‘बघा, शेअर विकले आणि राजवट पडली’. पण १९९९ मध्ये तीन अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले तेव्हा या विक्रीचा संबंधित कंपन्यांच्या शेअरच्या भावावर जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही. म्हणजे आंदोलन वाया गेलं का, तर तसंही नाही. गावोगावच्या पेन्शन फंडांच्या बैठकीत, विद्यापीठांच्या आवारात हा प्रश्न रोज निघाला, त्यातून राजकीय दबाव तयार झाला, १९८६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार मोडून निर्बंधांचा कायदा केला. काम झालं ते बोंबाबोंबीने, शेअरचा भाव पाडून नव्हे. गुपचूप विकून घरी बसले असते तर कोणाला कळलंही नसतं.

आता दुसरी गोष्ट, जी बहुतेक गुंतवणूकदारांना कोणी सांगतच नाही: शेअर म्हणजे मत. कंपनीच्या वार्षिक सभेत संचालक कोण असावेत, वरच्या साहेबांचा पगार किती असावा, प्रदूषणाचा अहवाल द्यायचा की नाही, यावर शेअरधारक मतदान करतात. तुम्ही फंडातून पैसे लावले असतील तर तुमच्या वाटचं मत फंड कंपनी टाकते, आणि ते कुठे टाकलं हे तुम्ही कधी विचारत नाही, ती स्वतःहून सांगत नाही.

या मताची ताकद बघायची तर एक्सॉनमोबिल (थोडक्यात एक्सॉन) या बड्या अमेरिकन तेल कंपनीची मे २०२१ मधली सभा बघा. इंजिन नंबर वन नावाचा अगदी नवा, चिमुकला फंड, एक्सॉनमधला त्याचा हिस्सा साधारण ०.०२ टक्के. शंभरातला एक नाही, दहा हजारातले दोन. त्यांचं म्हणणं असं की जगाची ऊर्जा बदलतेय, कंपनी जुन्याच खात्यात पैसे ओततेय, आणि बोर्डावर मोठी माणसं असली तरी ऊर्जेच्या धंद्यात मुरलेलं कोणी नाही. त्यांनी स्वतःचे चार उमेदवार उभे केले. त्यात कैसा हिएताला नावाच्या फिनिश बाई होत्या, ज्यांनी नेस्टे या तेल शुद्ध करणाऱ्या कंपनीला टाकाऊ तेल-चरबीपासून डिझेल बनवण्याच्या धंद्यात पुढे नेण्यात मोठा वाटा उचलला होता. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कच्या सरकारी पेन्शन फंडांनी पाठिंबा दिला. सभा ऑनलाइन होती. मतदान सुरू असताना कंपनीने मध्येच सभा तासभर थांबवली, मतं अजून येऊ देत म्हणून, आणि लोकांनी लगेच ओळखलं की आतमध्ये धाबं दणाणलंय. ब्लॅकरॉकसारख्या बड्या फंड कंपन्यांनीही काही बंडखोर उमेदवारांना मत दिलं आणि शेवटी चारपैकी तीन निवडून आले, हिएतालाबाई त्यातल्या एक. ज्यांनी एक्सॉनचे शेअर आधीच विकून टाकले होते त्यांना या मतदानात भागच घेता आला नाही, हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

पण याची परीकथाही करू नका. त्यानंतर २०२३ मध्ये एक्सॉनने पायोनियर ही तेल कंपनी सुमारे ६० अब्ज डॉलरला घेण्याचा सौदा जाहीर केला, आणि २०२४ च्या जानेवारीत उत्सर्जनाबद्दल ठराव मांडणाऱ्या दोन छोट्या गुंतवणूकदार संस्थांनाच कोर्टात खेचलं. त्यांनी ठराव मागे घेतला तरी खटला काही महिने चालू ठेवला. आणि ब्लॅकरॉकचं बघा, पर्यावरण आणि सामाजिक विषयांवरच्या शेअरधारकांच्या ठरावांना २०२१ मध्ये त्यांनी ४७ टक्के वेळा पाठिंबा दिला होता, २०२४ मध्ये साधारण ४ टक्के. त्यांचं म्हणणं की ठरावच फार बारीकसारीक आणि निरर्थक यायला लागले. काही ठरावांबाबत ते खरंही आहे. पण अमेरिकेत काही राज्यांनी ‘तुम्ही तेल कंपन्यांवर बहिष्कार टाकताय’ म्हणून सरकारी पैसे काढून घेतले, त्याचा धसका नव्हता असं कोणी म्हणू नये.

आता ईएसजी रेटिंगकडे येऊ, कारण सर्वात जास्त घोळ इथे आहे. ई म्हणजे पर्यावरण, एस म्हणजे समाज, त्यात कामगार, ग्राहक, कारखान्याशेजारचे लोक सगळे आले, आणि जी म्हणजे गव्हर्नन्स, कंपनीचा कारभार सरळ आहे का, बोर्ड स्वतंत्र आहे का, हिशेब नीट आहेत का. २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने आलेल्या एका अहवालातून हे तीन अक्षरी नाव रूढ झालं. सामान्य माणसाला वाटतं की ईएसजी रेटिंग चांगलं म्हणजे कंपनी चांगली. पण बहुतेक रेटिंग उलट दिशेने बघतं, म्हणजे कंपनी जगाचं किती नुकसान करते हे नाही तर जगातल्या या गोष्टींमुळे कंपनीच्या नफ्याला किती धोका आहे हे. एखादी कंपनी भरपूर पाणी उपसते, पण जिथे उपसते तिथे पाणी मुबलक आहे आणि सरकार काही बोलत नाही, तर धोका कमी, मार्क चांगले. शेजारच्या गावाच्या विहिरीचं काय झालं हा प्रश्न त्या कोष्टकात येईलच असं नाही. शिवाय मार्क बऱ्याचदा त्याच क्षेत्रातल्या बाकीच्यांच्या तुलनेत दिले जातात, त्यामुळे ‘सर्वात बरी तेल कंपनी’सुद्धा वरच्या श्रेणीत बसू शकते.

हे माहीत असलं की मग मे २०२२ मधला प्रकार विचित्र वाटत नाही. इंडेक्स म्हणजे ठरावीक निकषांवर निवडलेल्या कंपन्यांची यादी, आणि एस अँड पी ५०० ही अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांची. तिच्या ईएसजी इंडेक्समधून इलेक्ट्रिक गाड्या बनवणारी टेस्ला बाहेर पडल्याचं जाहीर झालं आणि एक्सॉन आतच होती! टेस्लावर कारखान्यातल्या वर्णभेदाच्या तक्रारी होत्या, ऑटोपायलटच्या अपघातांची सरकारी चौकशी कंपनीने कशी हाताळली याचे प्रश्न होते, बाकीच्या वाहन कंपन्यांच्या तुलनेत मार्क घसरले. इलॉन मस्कने ट्विटरवर थयथयाट केला. त्याचं म्हणणं अर्धवट बरोबर होतं आणि इंडेक्सवाल्यांचंही, कारण दोघं वेगवेगळी गोष्ट मोजत होते. त्याआधीचं उदाहरण फोक्सवॅगनचं. सप्टेंबर २०१५ मध्ये डाऊ जोन्स सस्टेनेबिलिटी इंडेक्सच्या यादीत ती वाहन उद्योगात पहिली, आणि त्याच महिन्यात कळलं की कंपनीने डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर घातलं होतं जे धुराची तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी दाखवायचं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. रेटिंग करणारे काही गाडीच्या मागे नळी लावून बसत नाहीत, कंपनीने दिलेले अहवाल आणि बातम्या वाचतात, आणि कंपनीच खोटं बोलत असेल तर तेही फसतात.

बरं, रेटिंग देणाऱ्यांचं आपसात तरी जमतं का? एमआयटीतल्या संशोधकांनी सहा एजन्सींची ईएसजी रेटिंग ताडून बघितली तर त्यांच्यातला सहसंबंध सरासरी ०.५४ निघाला (१ म्हणजे पूर्ण जुळणं). कर्ज फेडण्याच्या क्षमतेचं जे क्रेडिट रेटिंग असतं, त्यात बड्या एजन्सींमध्ये हाच आकडा ०.९ च्या वर असतो, एकाने चांगलं म्हटलं की दुसराही म्हणतो. इथे मात्र एकाचा हुशार विद्यार्थी दुसऱ्याच्या वर्गात नापास. मुख्य कारण असं निघालं की एकच गोष्ट प्रत्येक जण वेगळ्या पद्धतीने मोजतो. कामगारांशी वागणूक कशी आहे हे एक जण नोकरी सोडून जाणाऱ्यांच्या प्रमाणावरून ठरवतो, दुसरा कोर्टातल्या खटल्यांवरून. त्यामुळे फंडाच्या पत्रकावर ‘सरासरी ईएसजी रेटिंग अमुक’ असं ठळक छापलेलं दिसलं की मी तरी ती ओळ सोडून पुढे जातो.

ग्रीनवॉशिंग म्हणजे नुसतं हिरवं रंगवणं, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे, पण प्रत्यक्षात ते कसं होतं ते फार कंटाळवाणं आहे, त्यात कोणी कट वगैरे रचत नाही. अमेरिकेच्या बाजार नियामकाने, म्हणजे एसईसीने, नोव्हेंबर २०२२ मध्ये गोल्डमन सॅक्सच्या फंड विभागाला ४० लाख डॉलर दंड केला. काय सापडलं, तर शेअर निवडण्याआधी प्रत्येक कंपनीची ईएसजी प्रश्नावली भरायची असा त्यांचाच नियम, आणि कित्येक प्रश्नावल्या शेअर निवडून झाल्यावर भरलेल्या. झालं. ऑफिसात काम केलेल्या कोणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. डॉइश बँकेच्या डीडब्ल्यूएस या फंड कंपनीचं प्रकरण मोठं होतं. तिथल्याच माजी सस्टेनेबिलिटी प्रमुखांनी सांगितलं की कंपनी जेवढं ईएसजी करतो म्हणते तेवढं करत नाही. मे २०२२ मध्ये फ्रँकफर्टच्या ऑफिसवर पोलिसांची धाड पडली, दुसऱ्या दिवशी सीईओने पद सोडत असल्याचं जाहीर केलं, २०२३ मध्ये अमेरिकेत या मुद्द्यावर १ कोटी ९० लाख डॉलर आणि २०२५ मध्ये जर्मनीत २ कोटी ५० लाख युरो भरावे लागले.

नियामक मागे लागलेत हे खरं. युरोपात मार्च २०२१ पासून फंडांना आपली जात सांगावी लागते, नियमाचं कलम ६ (साधा फंड), ८ (थोडाफार हिरवा) की ९, त्यात ९ वाले स्वतःला सर्वात कडक म्हणवतात. गंमत म्हणजे नियम नीट समजल्यावर २०२२ च्या शेवटी ढिगाने फंड स्वतःहून ९ वरून ८ वर उतरले. नंतर युरोपच्या बाजार नियामकाने म्हटलं की नावात ‘सस्टेनेबल’, ‘ईएसजी’ असले शब्द वापरायचे तर किमान ८० टक्के पैसे त्या उद्देशाला धरून पाहिजेत, मग बऱ्याच फंडांनी नावातून ते शब्दच काढून टाकले. ब्रिटनने २०२४ मध्ये अशा फंडांसाठी चार लेबलं आणली. भारतात सेबीने बाजारमूल्यात पहिल्या १,००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण, कामगार, कारभार यांचा ठरावीक नमुन्यातला अहवाल बंधनकारक केला. ही माहिती जेवढी वाढेल तेवढं चांगलं, पण अहवाल आला म्हणजे कंपनी सुधारली असं होत नाही, तो वाचणारं कोणीतरी लागतं.

परत पैशांकडे. सुरुवातीला म्हटलं तसं, तुमचा पैसा खरोखर एखाद्या कामापर्यंत पोचतो तो नव्या शेअरांतून किंवा नव्या कर्जातून. इथे एक गोष्ट लोक विसरतात ती म्हणजे आपली साधी बँकेतली ठेव. शेअरचा पैसा फिरत फिरत जातो, ठेवीचा पैसा बँक सरळ कर्ज म्हणून वाटते. नेदरलँड्समधली ट्रायोडोस बँक १९८० पासून चालू आहे आणि कोणाला कर्ज दिलं त्याची यादी उघड प्रसिद्ध करते. बाकीच्या बँका हे का करत नाहीत असं विचारून बघा, गोपनीयतेवर मोठं भाषण ऐकायला मिळेल.

दुसरा मार्ग बॉन्डचा, म्हणजे रोख्यांचा. युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेने २००७ मध्ये आणि जागतिक बँकेने २००८ मध्ये असे रोखे काढले ज्यांचा पैसा पर्यावरणाच्या ठरलेल्या कामांवरच खर्च करायचा, त्यातून ग्रीन बॉन्डचा बाजार उभा राहिला. यातली मेख अशी की कंपनी पवनचक्कीला ग्रीन बॉन्डमधून पैसे लावते आणि त्यामुळे मोकळे झालेले आपले पैसे दुसऱ्या खिशातून कोळशाला लावते, तर तुम्ही काय करणार? म्हणून नंतर वेगळा प्रकार आला, त्यात पैसा कुठेही वापरा पण अमुक तारखेपर्यंत अमुक टार्गेट गाठलं नाही तर व्याज जास्त द्या. इटलीच्या एनेल या वीज कंपनीने २०१९ मध्ये याची सुरुवात केली. त्यांचं २०२३ चं एक टार्गेट होतं, दर युनिट विजेमागे कार्बन डायऑक्साइड १४८ ग्रॅमपर्यंत आणायचा. युरोपातल्या गॅसटंचाईत कोळशावरची वीज अपेक्षेपेक्षा जास्त काळ चालवावी लागली आणि आकडा १६० वर अडला. ठरल्याप्रमाणे बॉन्डधारकांचं व्याज पाव टक्क्याने वाढलं! आता यात विचार करण्यासारखं असं आहे की कंपनी चुकली तर गुंतवणूकदाराचा फायदा होतो, म्हणजे टार्गेट चुकावं असं बॉन्डधारकाला आतून वाटायला हरकत नाही. पाव टक्का ही शिक्षा एवढ्या मोठ्या कंपनीला जाणवते का, हाही वादाचा मुद्दा आहे. तरी सगळ्या हिरव्या गोष्टींत मला हा प्रकार त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो, कारण आकडा आधी लिहिलेला असतो आणि चुकला की चुकला.

‘पण परतावा कमी मिळतो का हो?’ हा प्रश्न यायचाच. सरळ उत्तर: कधी कमी, कधी जास्त, आणि जो कोणी ‘नेहमी जास्तच’ म्हणतो तो काहीतरी विकायला बसलाय. तंबाखू, दारू, जुगार या ‘पापी’ शेअरनी अमेरिकेत दीर्घकाळ चांगला परतावा दिला असं २००९ च्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं, आणि त्यात तर्क आहे, बरेच लोक घ्यायला तयार नसतील तर भाव पडेल राहतो आणि जो घेतो त्याला जास्त मिळतं. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर तेलाचे भाव चढले, अमेरिकेचा एस अँड पी ५०० इंडेक्स वर्षभरात १९ टक्क्यांच्या आसपास पडला आणि त्यातलाच ऊर्जा विभाग ५० टक्क्यांहून जास्त वर गेला. तेल वगळलेले फंड त्या वर्षी हात चोळत बसले. नॉर्वेचा सरकारी तेल फंड, जो जगातल्या सर्वात मोठ्या फंडांपैकी आहे आणि २००४ पासून नैतिक नियमांनी काही कंपन्या वगळतो, त्याने स्वतःच सांगितलंय की तंबाखू किंवा शस्त्रं अशी उत्पादनं बघून कंपन्या वगळल्या त्यात परतावा थोडा गेला, आणि भ्रष्टाचार, पर्यावरणाची नासधूस अशी वागणूक बघून वगळल्या त्यात थोडा वाढला. मला हा फरक फार बोलका वाटतो. वाईट वागणारी कंपनी कधीतरी गोत्यात येते, पण सिगारेट विकणारी कायदेशीर कंपनी तशीच नफा कमावत राहते. तिला वगळायचं असेल तर तत्त्व म्हणून वगळा, फायद्याच्या आशेने नको.

परताव्यापेक्षा जास्त लक्ष खर्चाकडे द्या खरं तर. नावात ‘सस्टेनेबल’ आलं की फी थोडी चढलेली असते. १०० चे २५ वर्षांत १० टक्क्यांनी साधारण १,०८३ होतात, आणि अर्धा टक्का जास्त फी कापली गेली, म्हणजे हातात ९.५ टक्के आले, तर ९६७. आणि फंड उघडून बघाल तर पहिल्या १० कंपन्या त्याच असतात ज्या साध्या इंडेक्स फंडात आहेत, मोठ्या टेक कंपन्या, बँका, औषधवाले. एवढा फरक कशाचा दिला मग?

आता व्यावसायिकांकडे, म्हणजे सल्लागार, फंड मॅनेजर, पेन्शनचे विश्वस्त, सीए मंडळी. यांच्यातल्या बऱ्याच जणांना अजूनही वाटतं की क्लायंटच्या पैशाला नीतीचे निकष लावले तर आपण कायद्याने अडकू. ही भीती हवेतली नाही. १९८४ चा ब्रिटनमधला एक निकाल बघा. खाण कामगारांच्या पेन्शन फंडात युनियनच्या विश्वस्तांनी, त्यात युनियनचे नेते आर्थर स्कारगिल होते, म्हटलं होतं की परदेशात गुंतवणूक वाढवायची नाही आणि कोळशाशी स्पर्धा करणाऱ्या तेल-गॅसमध्ये पैसे नकोत. कोर्टाने सांगितलं की विश्वस्तांनी सभासदांचं हित बघायचं, आणि पेन्शनच्या बाबतीत हित म्हणजे सहसा आर्थिक हित. त्या निकालाची सावली पुढे २० वर्षं पडून राहिली. २००५ मध्ये फ्रेशफील्ड्स या वकिलांच्या फर्मने संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागासाठी अनेक देशांचे कायदे तपासून मत दिलं की परताव्यावर परिणाम करणारे ईएसजीचे मुद्दे विचारात घेणं कायद्यात बसतंच, उलट काही ठिकाणी न घेणं हाच निष्काळजीपणा ठरू शकतो. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात जबाबदार गुंतवणुकीची सहा तत्त्वं, पीआरआय, जाहीर केली आणि आज त्यावर सह्या करणाऱ्या संस्था ५ हजारांच्या वर आहेत. सही करणं सोपं आहे, म्हणून आकडा मोठा आहे, हेही सांगून टाकतो.

खरी अडचण मला वेगळीच वाटते. सल्लागार विचारत नाही कारण त्याला वाटतं क्लायंटला फक्त परतावा हवाय, आणि क्लायंट विचारत नाही कारण त्याला वाटतं असं काही विचारायचं नसतं, हसतील आपल्याला. दोघं एकमेकांची वाट बघत गप्प. युरोपने ऑगस्ट २०२२ मध्ये ही कोंडी फोडायला नियमच केला की सल्लागाराने ग्राहकाची सस्टेनेबिलिटीबाबतची पसंती विचारलीच पाहिजे. हेतू उत्तम. पण प्रश्न असा बनवला की ‘तुमच्या गुंतवणुकीचा किमान किती टक्के भाग वर्गीकरण नियमानुसार शाश्वत असावा?’ आता याला माणूस काय उत्तर देणार, सल्लागारालाच माहीत नसतं! त्यापेक्षा ‘कुठल्या धंद्यात तुमचे पैसे अजिबात नकोत?’ एवढं विचारलं तरी लोक भरभरून बोलतात. कोणी म्हणेल जुगार, कोणी शस्त्रं, कोणी प्राण्यांवरचे प्रयोग, एखादा म्हणेल मला काहीही चालेल पण कामगारांना लुबाडणारे नकोत. दोन प्रामाणिक माणसांच्या याद्या जुळणार नाहीत आणि जुळायची गरजही नाही. अणुऊर्जा चांगली की वाईट यावर पर्यावरणवाद्यांतच एकमत नाही, तर एका फंडाने सगळ्यांच्या विवेकाचा ठेका कसा घ्यावा?

म्हणून सल्लागारासमोर बसलात की रेटिंग विचारू नका. विचारा की या फंडात काय वगळलंय आणि किती टक्क्यांची सूट ठेवलीय, कारण ‘कोळसा वगळला’ याचा अर्थ बऱ्याचदा ‘ज्यांचं ३० टक्क्यांपेक्षा जास्त उत्पन्न कोळशातून आहे त्या वगळल्या’ असा असतो, २९ वाल्या आत असतात. साध्या इंडेक्सपेक्षा यात वेगळ्या कंपन्या कोणत्या, पाच नावं सांगा. गेल्या वर्षी तुम्ही कुठल्या कंपनीशी बोलायला गेलात आणि तिने ऐकलं नाही तेव्हा पुढे काय केलंत? या शेवटच्या प्रश्नावर खोलीत शांतता झाली तर समजून जा, आणि उत्तर म्हणून ‘आम्ही ४०० कंपन्यांशी संवाद साधला’ असा आकडा आला तरी समजून जा, त्यात एका ईमेललाही संवाद म्हणत असतील.

आणि तुमचा सल्लागारच नसेल, आहे ते सगळं कंपनीच्या पेन्शन योजनेत असेल, तर तिथेही तुमच्या पैशांच्या जोरावर कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या सभेत मत टाकलं जातंय. बऱ्याच देशांत फंडांना हे मतदान वर्षातून एकदा तरी उघड करावं लागतं, वेबसाइटवर कुठेतरी खाली ‘प्रॉक्सी वोटिंग’ किंवा ‘स्टुअर्डशिप’ नावाने एक कंटाळवाणी फाइल पडलेली असते. सगळी वाचत बसू नका, तुम्हाला ज्या कंपनीचा राग येतो तिचं नाव शोधा आणि त्या ओळीत संचालकांच्या फेरनिवडीला होकार दिलाय की नकार, तेवढं बघा. होकार असेल तर योजनेच्या विश्वस्तांना दोन ओळींचं पत्र टाका, की हे मत तुम्ही माझ्या वतीने दिलंत, का दिलंत ते कळवा.